गोठ्यातील ट्यूबलाइट : दुरुस्ती व चोकाच्या उष्णतेची पारख

घरात नवी वस्तू आली की जुनी गोठ्यात जाते, हा आपल्याकडील रिवाजच आहे. गेल्या काही वर्षांत माजघरात व ओसरीवर एलईडी दिवे लागले आणि तेथील चाळीस वॅटच्या ट्यूबलाइटा पट्टीसकट उतरून गोठ्यात, कडब्याच्या खोपीत, पंपघरात नाहीतर कोंबड्यांच्या शेडमध्ये जाऊन बसल्या. वस्तू टाकून न देण्याची ही वृत्ती चांगलीच आहे. तथापि माजघरात पंधरावीस वर्षे सुखाने जळलेली पट्टी गोठ्यात आली म्हणजे तिचा सारा परिसरच पालटतो. हवेत भुसा व धूळ असते, गोमूत्रातून अमोनिया वायू सुटत असतो, पावसाळ्यात भिंती ओलावतात, उन्हाळ्यात डोक्यावरचा पत्रा तापतो, आणि हाताच्या अंतरावर वाळलेला चारा रचलेला असतो. अशा ठिकाणी या पट्टीतील सर्वांत तापणारा भाग, म्हणजे चोक, कसा आहे हे पाहणे अगत्याचे होते.

शेतकरी बंधूंकडून या बाबतीत नेहमी एकच प्रश्न येतो : “चोकाला हात लावला तर चटका बसतो, तो बिघडला असे समजावे काय?” याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. चांगला चोकही चटका देतो. बिघडलेला चोक मात्र त्याहून वेगळ्या रीतीने तापतो, आणि हा वेगळेपणा ओळखावयाचा तर चोकाचे काम काय, हे प्रथम पाहिले पाहिजे.

चोक कशासाठी?

ट्यूबच्या नळीत अल्प दाबाचा आर्गॉन वायू व किंचित पारा असतो. दोन्ही टोकांस तंतू बसविलेले असतात. नळीतून वीज वाहू लागली की पाऱ्याच्या वाफेतून डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण निघतात, आणि नळीच्या आतील पांढऱ्या लेपावर पडून त्यांचा दृश्य प्रकाश होतो. येथपर्यंत सर्व ठीक. पण वायूमधून वाहणाऱ्या विजेचा एक स्वभाव विचित्र आहे. साध्या तारेत प्रवाहास जो अडथळा असतो तो बहुतांशी कायम राहतो. वायूत मात्र प्रवाह जसजसा वाढतो तसतसा अडथळा कमी होत जातो. तेव्हा ट्यूब सरळ २३० व्होल्टच्या तारांना जोडली तर प्रवाह क्षणार्धात वाढून ती निकामी होईल. प्रवाहास वेसण घालणारे साधन म्हणजे चोक.

पातळ लोखंडी पत्र्यांच्या थप्पीवर इनॅमल चढविलेल्या तारेचे वेढे, एवढीच त्याची रचना. चाळीस वॅटच्या ट्यूबला तो सुमारे ०.४३ अँपिअर प्रवाह घेऊ देतो व ट्यूबच्या वाट्याला जेमतेम १०० व्होल्ट दाब येतो. हे काम करताना चोक स्वतः १० ते १५ वॅट वीज खातो, आणि ती सर्व उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतो. म्हणजे चोकाने तापणे हा त्याचा दोष नव्हे, तो धर्मच होय.

स्टार्टर हा या जोडीतील तिसरा गडी. त्याच्या डबीत एक लहानसा काचेचा बल्ब असतो व त्यात दोन धातूंची जोडपट्टी असते. बटण दाबताच त्यात मंद प्रकाश पडतो, पट्टी तापून वाकते व दुसऱ्या टोकास चिकटते. मग चोक आणि दोन्ही तंतू यांतून प्रवाह वाहून तंतू लाल होतात. इतक्यात पट्टी थंड होऊन सुटते आणि त्या क्षणी चोक उच्च दाबाचा एक झटका देतो. या झटक्याने ट्यूब पेटते. ट्यूब पेटल्यावर स्टार्टरचे काम संपते, इतके की तो काढून खिशात घातला तरी ट्यूब जळत राहते. तंतू तापविण्याच्या या काही क्षणांत चोकातून नेहमीच्या सुमारे दीडपट प्रवाह जात असतो, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होईल.

किती उष्णता रास्त?

चांगल्या चोकाच्या पाठीवर दोन खुणा छापलेल्या असतात. इंग्रजी ‘टीडब्ल्यू’ या अक्षरांपुढील आकडा, बहुधा १३०, म्हणजे आतील वेढ्यांची सोसण्याची मर्यादा, अंश सेंटिग्रेडमध्ये. या उष्णतेवर अखंड चालला तरी चोक दहा वर्षे टिकावा, असा तिचा अर्थ आहे. त्रिकोणी खुणेपुढील दुसरा आकडा, उदाहरणार्थ ५५, म्हणजे भोवतालच्या हवेपेक्षा वेढे किती अंशांनी अधिक तापतील ते. पौषात हवा १५ अंश असेल तर वेढे ७० पर्यंत जातील. वैशाखात पत्र्याखाली हवा ४५ असेल तर तेच वेढे १०० पर्यंत पोहोचतील. चोक तोच व बिघाड काही नाही. म्हणून ऋतू न पाहता चोकाच्या उष्णतेचा निवाडा करणे योग्य नव्हे.

वेढ्यांवरील वेष्टणाचे आयुष्य उष्णतेशी बांधलेले असते. मर्यादेवर सुमारे १० अंश वाढले की आयुष्य निम्मे होते, असा यंत्रज्ञांचा ठोकताळा आहे. २० अंश वाढल्यास पाव. यावरून पट्टीवर साचलेल्या भुशाची किंमत कळून येईल. कोळ्याची जाळी, पेंडीची धूळ व चिमणीचे घरटे यांचे पांघरूण चोकावर पडले की त्याची उष्णता बाहेर पडावयास वाट राहत नाही. महिन्यातून एकदा, मेन स्विच बंद करून, कोरड्या कुंचल्याने पट्टी झाडून काढणे ही सर्वांत स्वस्त दुरुस्ती होय.

पारख करण्याच्या रीती

हात लावून पाहणे ही सर्वांची आवडती रीत. धातूचा पृष्ठभाग ५० अंशांवर असला तर हात काही क्षण ठेवता येतो. ६० च्या वर तो लगेच काढून घ्यावा लागतो. आणि निरोगी चोकाचे कवच ६० ते ८० अंशांवर असते! म्हणजे हाताचे माप जेथे संपते, तेथून चोकाची खरी परीक्षा सुरू होते. हाताला ७० आणि ११० यांतील भेद कळणार नाही, फोड मात्र येईल.

याहून भरवशाची अशी एक रीत घरच्या वस्तूंनी साधते. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांवर वितळते, आणि नॅफ्थलीनची डांबरगोळी ८० अंशांवर. ट्यूब तीन तास जळू द्यावी, कारण चोकाची उष्णता स्थिरावण्यास तितका वेळ लागतो. नंतर मेन स्विच बंद करावा, झाकण काढावे, आणि लागलीच चोकाच्या कवचावर तांदळाएवढा मेणाचा कण व तेवढाच गोळीचा कण ठेवावा. दोन्ही तसेच राहिले तर चोक थंडच म्हणावयाचा. मेण वितळले व गोळी राहिली तर उष्णता नेहमीची आहे. दोन्ही वितळले तर कवच ८० च्या वर गेले. हे वैशाखात पत्र्याखाली घडले तर एक वेळ क्षम्य, पण पौषातील रात्री घडले तर चोकात किंवा पट्टीत दोष आहे असे निश्चित समजावे. बाजारात डांबरगोळी म्हणून कधी कधी दुसराच पदार्थ मिळतो व तो ५३ अंशांवरच वितळतो. म्हणून गोळीचा व मेणाचा एकेक कण दोन वाट्यांत घालून त्या एकाच गरम पाण्यात तरंगत ठेवाव्यात; मेणाच्या आधी गोळी वितळली तर ती या कामाची नाही. परीक्षा झाल्यावर कण पुसून घ्यावेत. नॅफ्थलीन जनावरांच्या व मुलांच्या तोंडी जाता कामा नये, व ते ज्वालाग्राही असल्याने वीज चालू असताना चोकावर कदापि ठेवू नये.

२०२० च्या साथीनंतर खेडोपाडी ताप मोजण्याच्या पिस्तुलासारख्या उपकरणाची ओळख झाली आहे. ते मनुष्याच्या तापाकरिता बनविलेले असल्याने चोकावर निरुपयोगी आहे. कारखान्यांत वापरतात तसले उपकरण मिळाल्यास उत्तम. मात्र चकाकत्या धातूवर ते उष्णता कमी दाखवते, म्हणून कवचावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर नेम धरावा.

सर्वांत खरी परीक्षा मात्र वेढ्यांची, कवचाची नव्हे. पंप दुरुस्त करणाऱ्या वायरमनजवळ मल्टिमीटर असतोच. सकाळी चोक थंड असताना, मेन बंद करून व चोकाच्या दोन्ही तारा सोडवून, त्याचा रोध मोजावा. पुन्हा तारा जोडून ट्यूब तीन तास जाळावी आणि वीज बंद केल्यापासून एका मिनिटाच्या आत तोच रोध मोजावा. तांब्याचा रोध दर १० अंशांस साधारण शेकडा ४ वाढतो. समजा, सकाळी हवा ३० अंश होती व रोध ४० ओहम भरला. गरम असताना तो ४८ झाला. वाढ शेकडा २०, म्हणजे वेढे सुमारे ५० अंशांनी तापून ८० च्या आसपास पोहोचले. पाठीवर ५५ चा आकडा असेल तर हा चोक नियमात आहे. हाच रोध ५६ झाला असता तर वाढ शेकडा ४० व उष्णता १३० च्या घरात गेली असती, आणि असा चोक त्याच दिवशी उतरवावा.

मापाची साधने नसली तरी नाक, कान आणि डोळे आहेतच. जळक्या वार्निशाचा वास, पट्टीच्या रंगावर चोकाच्या आकाराचा तपकिरी डाग, तारांचे कडक होऊन तडकलेले वेष्टण, जुन्या डबाबंद चोकातून ओघळलेला डांबरासारखा मसाला, यांपैकी एकही लक्षण दिसले तर मोजत बसू नये, चोक बदलावा. गुणगुण मात्र एवढी घाबरण्यासारखी नाही. पत्र्यांची थप्पी किंवा बसविण्याचे स्क्रू सैल झाले की चोक गुणगुणतो, आणि स्क्रू आवळल्यावर पुष्कळदा गप्प बसतो.

चोक तापतो, पण दोष दुसऱ्याचा

प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातील एक उदाहरण येथे सांगण्याजोगे आहे. एका कोंबडीपालकाच्या शेडमध्ये एका महिन्यात दोन चोक जळाले. मालकाने दुकानदारास दोष दिला, तिसरा चोक अधिक किंमत देऊन आणला व तोही तापू लागला. रात्री जाऊन पाहिले तेव्हा ट्यूबची दोन्ही टोके लाल होती आणि मधली नळी काळोखी. शेजारच्या दोन ट्यूबांच्या उजेडात हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. स्टार्टरची पट्टी चिकटून बसली होती; तंतू तापविण्याचा तो दीडपट प्रवाह, जो दोन-तीन क्षणांपुरता असावयाचा, तो रात्रभर चोकातून जात होता. चहाच्या किमतीचा स्टार्टर बदलताच तिसरा चोक वाचला.

म्हणून टोके लाल राहिलेली ट्यूब कधीही तशी चालू ठेवू नये. अशा वेळी जळत्या स्थितीत स्टार्टर फिरवून काढावा. ट्यूब लगेच पेटली तर स्टार्टर खराब. दोन्ही टोके विझून अंधार झाला तर नवा स्टार्टर घालून पाहावा, व त्यानेही न पेटल्यास ट्यूब संपली असे समजावे.

म्हातारी ट्यूब हेही चोक तापण्याचे एक कारण आहे. तिच्या एका टोकाचा तंतू आधी झिजतो व मग वीज एका दिशेने सुखाने, दुसऱ्या दिशेने नाखुषीने वाहू लागते. अशी ट्यूब लुकलुकते, तिचे एक टोक अधिक काळे असते, आणि एकतर्फी प्रवाहामुळे चोकाच्या लोखंडाची शक्ती संपून प्रवाह वाढतो. लुकलुकणाऱ्या ट्यूबखाली आठवडेच्या आठवडे धारा काढणारे लोक आहेत. डोळ्यांचा त्रास वेगळा, चोकाचा नाश वेगळा.

तिसरे कारण विजेचा दाब. रोहित्रावरील पंपांचा भार उतरला की दाब वाढतो, आणि दाब जितका वाढतो त्याहून अधिक प्रमाणात चोकाचा प्रवाह वाढतो. रात्री दाब वारंवार २५० व्होल्टच्या वर जात असेल तर वीज कंपनीच्या कार्यालयात लेखी कळवावे. घरातील काही दिवे एकाएकी प्रखर व काही मंद झाले तर न्यूट्रल तार तुटल्याची शंका घ्यावी व तत्काळ मेन बंद करावा. उलट दाब फार पडला तर स्टार्टर टकटक करीत राहतो व ट्यूब पेटत नाही. त्या काळात बटण बंद ठेवणे श्रेयस्कर.

गोठ्यातील होल्डरांविषयी थोडे. अमोनिया तांबे व पितळ यांस खातो, म्हणून होल्डरातील पाकळ्यांवर हिरवट कीट चढतो, पकड ढिली होते व तेथे बारीक ठिणगी पडू लागते. चाऱ्याला आग लागण्याचे भय चोकाच्या साध्या उष्णतेपेक्षा या ठिणगीचे व जळत्या वेढ्यांचे अधिक असते. कीट घासून पाकळ्या उजळ करता येतात, पण स्प्रिंग मेलेला किंवा प्लॅस्टिक तडकलेला होल्डर घासण्यात वेळ घालवू नये. तो बदलावा.

दुरुस्तीचे काम

वायरमनकडून करवून घेणे इष्ट, पण तो काय करतो हे मालकाला कळावे. नुसते बटण बंद करून पट्टीस हात लावू नये. मेन बंद करून फ्यूज काढून जवळ ठेवावा. काही पट्ट्यांत धारित्र असते, ते वीज बंद केल्यावरही काही काळ भारित राहते. बटण व चोक हे दोन्ही फेजच्या तारेत असले पाहिजेत. ते न्यूट्रलमध्ये जोडलेले असले तर बटण बंद असतानाही ट्यूबच्या टोकाशी वीज जिवंत राहते, व ओल्या गोठ्यात हे जिवावर बेतू शकते. पत्र्याच्या पट्टीस अर्थिंगची तार अवश्य जोडावी. तिने माणसांचे व जनावरांचे रक्षण होते आणि ट्यूब पेटावयासही साहाय्य होते. गोठ्याच्या जोडणीवर गळती-संरक्षक स्विच बसविल्यास फारच उत्तम.

नवा चोक जुन्याच वॅटचा घ्यावा. चाळीस वॅटच्या चोकावर ३६ वॅटची सडपातळ ट्यूब चालते. २० वॅटची छोटी ट्यूब मात्र त्यावर लावू नये. तांब्याच्या वेढ्यांचा चोक ॲल्युमिनिअमच्या चोकाहून जड व महाग असतो, पण कमी तापतो. जळालेला चोक पुन्हा भरून घेण्याच्या भरीस आम्ही कोणास घालणार नाही. मूळ वेष्टणाची प्रत गावच्या दुकानात क्वचितच साधते, आणि कडब्याजवळ तशा चोकाची परीक्षा पाहण्याची हौस परवडणारी नाही.

कडब्याच्या खोपीत दिवा हवाच असेल तर चोक खोपीबाहेरच्या भिंतीवर पत्र्याच्या हवेशीर पेटीत बसवावा व तेथून ट्यूबपर्यंत चांगल्या तारा न्याव्यात. ट्यूब व चोक एकाच पट्टीत असलेच पाहिजेत असा नियम नाही. पट्टी लाकडी वाशाला वा शाकारणीला चिकटवून न ठोकता मध्ये दोन बोटे फट ठेवावी, आणि चाऱ्याची रास तिच्यापासून निदान तीन फूट दूर राखावी.

कडबाकुट्टी यंत्रावर एकटी चोकाची ट्यूब लावू नये, हेही येथेच सांगून ठेवतो. ती सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होते. डोळ्यांना हे जाणवत नाही, पण विशिष्ट गतीने फिरणारे पाते त्या प्रकाशात संथ किंवा थांबल्यासारखे दिसू शकते.

पट्टी ठेवावी की काढावी?

होल्डर कुजले, चोक तापतो आणि ट्यूबही काळी पडली, असे तिन्ही जमले तर दुरुस्तीचा आग्रह सोडावा. जुनी जोडी ट्यूब ४० व चोक १२ मिळून सुमारे ५२ वॅट घेते. तेवढाच उपयुक्त उजेड २० वॅटची एलईडी नळी देते. रोज चार तास दिवा जळत असल्यास वर्षाला सुमारे ४६ युनिटे वाचतात. एलईडी नळी जुन्याच पट्टीत बसविता येते, पण तिच्या दोन जाती आहेत. एकीत स्टार्टरच्या जागी सोबत मिळणारा बनावट स्टार्टर घालावयाचा व चोक तसाच राहतो. दुसरीत चोक व स्टार्टर काढून फेज व न्यूट्रल नळीच्या एकाच टोकास द्यावयाचे असतात. नळीबरोबरचा नकाशा पाहूनच जोडणी करावी. दुसऱ्या प्रकारची जोडणी केली तर पट्टीवर ‘फक्त एलईडी’ असे ठळक लिहून ठेवावे, म्हणजे उद्या कोणी तीत जुनी ट्यूब घालणार नाही.

हा बदल आज ना उद्या करावाच लागणार आहे. पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता करारास भारताने २०१८ साली मान्यता दिली, आणि त्या करारातील राष्ट्रांनी २०२३ साली जिनिव्हा येथे ठरविल्याप्रमाणे अशा ट्यूबांचे उत्पादन व आयात-निर्यात २०२७ च्या अखेरपर्यंत टप्प्याटप्प्याने बंद व्हावयाची आहे. घरात असलेली ट्यूब वापरण्यास त्याने बाध येत नाही. नवी मिळणे मात्र अवघड होत जाईल.

निकामी ट्यूबमध्ये काही मिलिग्रॅम पारा असतो. ती उकिरड्यावर, विहिरीत किंवा शेणखताच्या खड्ड्यात टाकू नये. खताबरोबर काच व पारा शेतात जाईल. ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांत या ट्यूबांचा समावेश आहे, म्हणून त्या न फोडता पुठ्ठ्यात गुंडाळून गोळा करणाऱ्या केंद्राकडे द्याव्यात. गोठ्यात ट्यूब फुटलीच तर जनावरे बाहेर काढून दारे पंधरा मिनिटे उघडी ठेवावीत, केरसुणीने धूळ न उडवता जाड कागदाने तुकडे उचलावेत व बारीक कण ओल्या फडक्याने टिपून घ्यावेत. त्या वेळी गव्हाणीत जो चारा असेल तो, कितीही जिवावर आले तरी, जनावरांस घालू नये.